पलंगाखाली सामान कुणाचं ठेवणार, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न असा: मुलगी 7 वर्षांची, खोली 8 बाय 9.5 फूट, एका लांब भिंतीला 2 फूट खोल कपाट आधीच आहे. हायड्रॉलिक पलंग (गादीसकट झाकण पंपाच्या जोरावर वर उचलायचं आणि आत पेटी) घ्यावा, ड्रॉवरचा घ्यावा की लॉफ्ट बेड (शिडीने चढायचा उंच पलंग) करावा? दुकानदाराने हायड्रॉलिक गळ्यात मारायचा चंग बांधलेला दिसतोय. मी दोन घरांत मिळून मुलांसाठी तीन पलंग केले आणि त्यातला पहिला साफ फसला, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

तो पहिला हायड्रॉलिकच होता. मुलगा तेव्हा 6 वर्षांचा. खेळण्यांचा पसारा आत जाईल या आशेने घेतला, आणि महिनाभर गेलाही. मग लक्षात आलं, की एक गाडी काढायची तर उशी, पांघरूण, गादीवर मांडलेला सगळा संसार आवरायचा आणि झाकण उचलायला मला हाक मारायची. पोरगं दोनदा हाक मारतं, तिसऱ्यांदा खेळणी जमिनीवरच ठेवतं. दिवाळीपर्यंत त्या पलंगाच्या पोटात काय होतं? पाहुण्यांसाठीच्या दोन गाद्या, सासूबाईंच्या गोधड्या, गणपतीचं मखर, आकाशकंदील आणि लग्नात आहेर म्हणून आलेला, आजतागायत न वापरलेला डिनर सेट. मुलाची एकही वस्तू नाही. त्याची खेळणी पलंगासमोर, सगळ्यांच्या पायात.

म्हणून कुठला प्रकार चांगला हे नंतर बघा. वर्षातून एकदोनदा लागणारं घरचं सामान ठेवायचं असेल, तर झाकणाची पेटी उत्तम. मुलीचं रोजचं ठेवायचं असेल, तर ते तिला एकटीला, गादीला हात न लावता काढता आलं पाहिजे, म्हणजे ड्रॉवरच. आणि दोन्ही हवं असेल (असणारच, आपल्या घरांत मखर जाणार कुठे?), तर 3 फुटी पलंगात दोन्ही बसतं. आत मधोमध लांबीला एक उभी फळी घ्यायची. पुढच्या बाजूला 18 इंची चॅनेलवर (ड्रॉवर सरकतो त्या लोखंडी पट्ट्या) दोन ड्रॉवर, मागे भिंतीकडे उरलेल्या जागेत पेटी. तिचं झाकण गादीखाली, दोन तुकड्यांत. तुकडा लहान असला की हाताने सहज उचलता येतो, पंप लागतच नाही. आमचा तिसरा पलंग असाच आहे.

आता तुमच्या खोलीचा हिशेब. 36 इंची गादीचा पलंग बाहेरून 39 इंच धरा. 8 फूट म्हणजे 96 इंच. त्यातून पलंगाचे 39 आणि कपाटाचे 24 गेले, उरले 33. ड्रॉवर पूर्ण उघडला तर 15 इंच राहतात, म्हणजे पोरगी ड्रॉवरच्या बाजूला बसून तो उपसू शकते. पण खालून दुसरी गादी बाहेर येणारा पलंग काढलात, तर ते 33 इंच तिथेच संपले. रात्री कपाट उघडणार नाही आणि पाणी प्यायला उठलेलं माणूस गादीवरून चालत जाईल. मावसभावंडं सुट्टीत चार दिवस येतात, त्यांना जमिनीवर गादी टाका. त्यांना तेच जास्त आवडतं.

लांबी: दुकानात 72 इंची गादी पुढे करतील, मुलीला आज ती ऐसपैस होईल. तरी 75 घ्या, पंधराव्या वर्षी पलंग बदलायचा नाहीये. पलंग बाहेरून 78 इंच होईल आणि 114 पैकी 36 उरतील, त्यात 3 फुटांचं अभ्यासाचं टेबल बरोबर बसतं. सुताराला बोलावण्याआधी गादी नक्की करा, जमलं तर आणूनच ठेवा. आमच्या पहिल्या मिस्त्रीने पलंग आधी केला आणि गादी कडेने वर आली, ती वर्षभर तशीच होती.

उंची: गादी धरून 18 इंचांच्या वर जाऊ नका. खाली पाय 3 इंच, पेटी 10, गादी 5. जास्त सामान मावावं म्हणून पेटी 15 इंच केली, की सात वर्षांच्या मुलीचे पाय लोंबकळतात.

ते 3 इंची पाय मात्र सोडू नका. आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते आणि सपाट जमिनीवर टेकलेल्या पेटीची खालची कड रोज ओली होते. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असेल तर दोन पावसाळ्यांत फुगून त्याचा पाव होतो. प्लायही कडेने सुटायला लागतो. तयार पलंग बरेचदा पार्टिकल बोर्डाचे असतात आणि एकदा उघडून दुसऱ्या घरी जोडले की स्क्रू पहिल्यासारखे धरत नाहीत. भाड्याच्या घरात असाल तर माझं सगळं सांगणं विसरा. साधी लोखंडी कॉट घ्या, खाली चाकांचे चपटे डबे सरकवा, पैसे वाचतील.

स्वतःचं घर असेल तर सुताराकडून करून घ्या. सांगाड्याला 18 मिमी प्लाय, शीटवर आयएस 303 (प्लायचं भारतीय मानक) आणि बीडब्ल्यूआर (पाण्याला जास्त टिकणारा) असा शिक्का बघून. नुसतं एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) लिहिलेला म्हणजे साधा कमर्शियल प्लाय. मरीन, म्हणजे आयएस 710, बाथरूमजवळच्या भिंतीला लागून असेल तरच, एरवी उधळपट्टी. काम झाल्यावर दोनतीन आठवडे ड्रॉवर उघडे, खिडकी उघडी. त्या नव्या वासात मुलीला लगेच झोपवू नका.

मागची पेटी बाहेरच्या भिंतीला लागत असेल तर पावसाळ्यात गोधड्यांना कुबट वास येणार. बाजूच्या फळीला इंचभर व्यासाची सहाआठ भोकं पाडून घ्या आणि पलंग भिंतीपासून बोटभर पुढे ठेवा. भोकांचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मुलं लपाछपीत पेटीत शिरतात. आतून ढकलता येणार नाही असं जड झाकण किंवा बाहेरून कडी, यातलं काहीही नको. आणि डांबराच्या गोळ्या मुलीच्या गादीखाली टाकू नका, कडुनिंबाचा पाला पुरे.

तरीही हायड्रॉलिकच घेणार असाल तर एक बघा. त्याच्या पंपात दाबलेला वायू असतो आणि त्याचा जोर उचलायच्या वजनाप्रमाणे निवडावा लागतो. डबलबेडचेच पंप सिंगलला लावले, तर हलक्या गादीचं झाकण नीट बसत नाही. उलट काही वर्षांनी वायू कमी झाला, की झाकण अर्ध्यातून खाली येतं. आमचं असंच आलं. मुलाच्या बोटांवर नाही, माझ्या मनगटावर, एवढंच नशीब.

लॉफ्ट बेडचा विचार पंख्यापाशी थांबतो. खोलीच्या मध्यावर 48 इंची पंखा असेल, तर त्याची पाती भिंतीपासून 24 इंचांवर सुरू होतात. तुमचा पलंग 39 इंचांपर्यंत येणार. म्हणजे पलंगाच्या 15 इंच रुंदीच्या डोक्यावर पंखा फिरतोय आणि वर बसलेली पोरगी हात ताणतेय. भिंतीवरचा पंखा लावून हे सुटेल. पण मे महिन्यात छताखालची हवा आणि तापाच्या रात्री शिडी चढून तुम्ही, हे सुटत नाही. अमेरिकेच्या नियमात 6 वर्षांखालच्या मुलांना बंक बेडच्या (एकावर एक दोन पलंग) वरच्या पलंगावर झोपवू नये असं आहे आणि कठडा गादीच्या वर किमान 5 इंच लागतो. तुमची मुलगी वयात बसते, पण तिचा धाकटा भाऊ 3 वर्षांचा आहे असं तुम्हीच लिहिलंय. तो शिडी बघून खाली थांबेल का?

खोलीचं दार कुठल्या कोपऱ्यात आहे आणि कुणीकडे उघडतं, ते मात्र लिहिलेलं नाही. ते पलंगाच्या पायथ्याकडे उघडत असेल, तर तिकडचा ड्रॉवर दारावर आपटेल. मग तिथे ड्रॉवरऐवजी पुस्तकांसाठी उघडा खण करा आणि दोन ड्रॉवरचा एकच, 3 फूट रुंद करू नका. भरला की तो सात वर्षांच्या मुलीला ओढवत नाही.