आधी घर लावा, मग गेको आणा

पहिल्यांदा गेको, म्हणजे पालीच्या जातीचा प्राणी, पाळणाऱ्यांचे एवढे प्रश्न आलेत की हा अंक सगळा त्यांनाच देऊन टाकलाय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला गेको हवाय. लेपर्ड गेको घ्यावा की क्रेस्टेड गेको? दुकानातला माणूस टोके नावाचा गेको घ्या म्हणतोय, दिसायलाही तो फार सुंदर आहे.

टोके सुंदर आहेच, निळसर अंगावर केशरी ठिपके, पण तो चावतो आणि चावला की लवकर सोडत नाही. शिवाय विकायला येणारे बरेच टोके जंगलातून पकडलेले असतात, म्हणजे घाबरलेले आणि अंगात जंत घेऊन आलेले. पहिला गेको म्हणून टोके नकोच, मुलीसाठी तर अजिबात नको.

लेपर्ड आणि क्रेस्टेड दोन्ही चांगले, पण दोघांची दुनिया वेगळी आहे. लेपर्ड मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ भागातला. त्याच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात म्हणून तो काचेवर चढत नाही, जमिनीवरच फिरतो, आणि बहुतेक गेकोंना नसतात त्या उघडमीट होणाऱ्या पापण्या त्याला असतात. क्रेस्टेड न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा, झाडांवर राहणारा. हा नामशेष झाला असंच धरून चालले होते, 1994 मध्ये तो पुन्हा सापडला. त्याला उंच टँक लागतो, रोज पाण्याचा फवारा लागतो, आणि गरमी सोसत नाही, 28 अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू. त्याचं खाणं मात्र सोपं, पाण्यात कालवायची तयार पावडर मिळते, किडे अधूनमधून दिले की झालं.

म्हणून मी उलटा प्रश्न विचारीन, तुमच्या घरात काय जमेल? उन्हाळ्यात खोली तापत असेल आणि ती गार ठेवायची सोय नसेल तर क्रेस्टेडचा विचार सोडा. घरात जिवंत किडे ठेवायची कुणालाच हिंमत नसेल तर लेपर्डचा सोडा, कारण तो फक्त किडेच खातो, भाजी नाही फळ नाही. दोन्ही जमत असेल तर लेपर्ड घ्या, शांत असतो आणि हाताळायला सोपा.

आणि एक गोष्ट आई म्हणून तुम्हालाच सांगते, लेपर्ड नीट सांभाळला तर 15 ते 20 वर्षं जगतो. मुलगी कॉलेजला जाईल, घर सोडून जाईल, आणि तो तुमच्याकडेच असेल. तुम्हाला स्वतःला तो हवा असेल तरच आणा. हात लावल्यावर साबणाने धुवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

प्रश्न: लेपर्ड ठरलाय. टँकमध्ये नक्की काय काय लागतं? दुकानात वाळू, गरम होणारा दगड आणि लाल बल्ब असा सेट दाखवला.

त्या सेटमधलं काहीच घेऊ नका. गरम दगड एकाच जागी जास्त तापतो आणि गेको तिथून वेळेत उठत नाही, पोट भाजतं. लाल बल्ब रात्री नको, त्याला रात्री अंधारच हवा. सुट्ट्या वाळूने, खास करून पिल्लांच्या, पोटात गोळा अडकू शकतो. सुरुवातीला पेपर टॉवेल किंवा साधी टाइल घाला, साफ करायलाही सोपं आणि शी कशी होतेय तेही दिसतं.

टँक 90 बाय 45 सेंटिमीटरचा घ्या, एकदाच घ्या. एका टोकाला गरम, दुसऱ्या टोकाला गार. गरम बाजूची जमीन 32 ते 34 अंश, गार बाजू 24 ते 26. वरून हीट बल्ब लावा किंवा खालून हीट मॅट, पण थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरवलेल्या अंशावर ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, काहीही लावू नका, एवढं एक माझं ऐकाच. थर्मामीटरचा प्रोब जमिनीवर, गेको जिथे पोट टेकून बसतो तिथे ठेवा. काचेला वर चिकटवलेला गोल काटा वरच्या हवेचं तापमान सांगतो, त्याचा त्याला काही उपयोग नाही.

लपायला तीन जागा, गरम बाजूला एक, गार बाजूला एक, आणि मधे एक डबा ज्यात ओलसर मॉस, म्हणजे शेवाळ. हा ओला डबा लोक विसरतात आणि मग कात अडकते. कात टाकायच्या आधी त्याचा रंग फिका, दुधाळ होतो, मग तो ती ओढून काढतो आणि खाऊनही टाकतो. झालं की प्रत्येक बोट जवळून बघा, भिंग घेऊन बघा हवं तर. टोकाला पांढरट बारीक कडं राहिलं असेल तर ते सुकून आवळत जातं आणि बोटाचा रक्तपुरवठा थांबतो, काही काळाने ते टोक गळून पडतं. दिसलं की कोमट पाण्यात थोडा वेळ पाय भिजवा आणि ओल्या कापसाच्या काडीने हलकेच सोडवा, कोरडं असताना ओढू नका.

मंद यूव्हीबी ट्यूब, म्हणजे अतिनील किरणांची ट्यूब, लावलीत तर छानच, पण तरीही किड्यांना कॅल्शियम पावडर लावून द्यायची. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी3 कमी पडलं की हाडं मऊ होतात, जबडा वाकतो, पाय वाकतात, आणि वाकलेलं हाड परत सरळ होत नाही.

हे सगळं लावून आठवडाभर चालवून बघा, तापमान रात्री किती उतरतं दुपारी किती चढतं ते लिहून ठेवा, आणि मगच गेको आणा.

प्रश्न: आणून आठ दिवस झाले, काहीच खात नाही. दिवसभर कोपऱ्यात लपून बसतो. काय खायला देऊ? आजारी आहे का?

सगळ्यात जास्त पत्रं याचीच आहेत. काय देऊ हे नंतर बघू, आधी जमिनीचं तापमान मोजा. त्याचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, बाहेरून ऊब मिळाली तरच पोटातलं पचतं, आणि पचणार नसेल तर तो खातच नाही. न खाणं, उलटणं, सुस्त पडून राहणं, अशा बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी एकच कारण निघतं, गरम बाजू पुरेशी गरम नसते.

तापमान बरोबर निघालं तर त्याला एकटं सोडा. नवीन जागा आहे, पहिले दोन आठवडे हातात घेऊ नका, मुलांना काच वाजवू देऊ नका, पाणी बदला आणि बाजूला व्हा. दिवसा लपून बसणं हा आजार नाहीये, तो संध्याकाळी आणि पहाटे फिरणारा प्राणी आहे. दिवे मंद झाल्यावर दोन-तीन किडे सोडा. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रातकिडे, डुबिया झुरळं, मीलवर्म चालतात, आदल्या दिवशी त्या किड्यांनाही चांगलं खाऊ घाला. हलणाराच किडा त्याला कळतो. शिकार दिसली की आधी मान वर होते, मग शेपटीचं टोक बारीक थरथरायला लागतं, ते बघितलंत की समजा भूक आहे. उरलेले रातकिडे रात्रभर आत ठेवू नका, ते झोपलेल्या गेकोला चावतात. बाहेरून पकडलेले किडे नकोत, त्यांच्यावर औषध मारलेलं असू शकतं, आणि काजवे तर कधीच नाही, एक काजवासुद्धा जीव घेऊ शकतो.

काळजी कधी करायची? मोठ्या लेपर्डच्या शेपटीत चरबी साठलेली असते, शेपटी जाड आहे तोवर दोन आठवडे न खाल्लं तरी तो धकवतो. कात टाकायच्या वेळी आणि विणीच्या काळात नर खाणं कमी करतातच. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यासारख्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि लिहा. वजन सतत उतरतंय, शेपटी बारीक होतेय, शी पातळ होतेय, यातलं काहीही दिसलं तर ताजी शी डबीत घेऊन सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे जा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेमका असाच शेपटी वाळवत नेतो, तो तपासणीतच कळतो. आणि पिल्लू असेल तर थांबायचंच नाही, त्याच्याकडे साठा नसतो, चार-पाच दिवसांत दाखवा. तोंड उघडून जबरदस्ती भरवायचा उद्योग घरी करू नका.

प्रश्न: एकटा कंटाळेल म्हणून दुसरा आणू का?

नको. तो एकटाच बरा. दोन नर मारामारी करतात, नर-मादी ठेवलेत तर मादीला सतत त्रास आणि अंडी, आणि दोन माद्यांमध्येही एक दुसरीला गरम जागेवरून हुसकावते. एकावर एक झोपलेले दिसतात ते प्रेम नसतं, चांगली जागा एकच आहे म्हणून असतं.

प्रश्न: रंगीत मॉर्फमध्ये, म्हणजे खास रंगासाठी पैदास केलेल्या लेपर्डमध्ये, लेमन फ्रॉस्ट मिळतोय, घेऊ का?

नका घेऊ. तो पिवळा-पांढरा रंग ज्या जनुकातून येतो त्यातूनच त्वचेच्या गाठी, म्हणजे ट्यूमर होतात, हे संशोधनात दिसलंय. एनिग्मा मॉर्फही सोडा, त्यात मेंदूचा त्रास असतो, मान तिरकी, गोल गोल फिरणं, किड्यावर नेम चुकणं. रंगासाठी असे प्राणी मागणं आपणच थांबवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. साधा पिवळा-काळा ठिपक्यांचा घ्या, घरात जन्मलेला. डोळे स्वच्छ आणि पूर्ण उघडे, शेपटी जाड, सगळी बोटं जागेवर, चालताना पोट जमिनीवरून उचललेलं. आणि विकणाऱ्याला म्हणा माझ्यासमोर एक किडा खाऊ घाला. खाल्ला तर घ्या.

प्रश्न: मुलाने शेपटीला धरलं आणि शेपटी तुटली! रक्त थोडंच आलं. आता?

घाबरू नका, तुटलेली शेपटी काही वेळ वळवळते ते बघून मुलं रडतात, त्यांनाही सांगा की ही त्याची जीव वाचवायची पद्धत आहे. आतलं सगळं काढून पांढरा पेपर टॉवेल घाला आणि रोज बदला, मॉसचा डबा जखम सुकेपर्यंत बाहेर ठेवा, पाण्याची वाटी राहू द्या. गरम बाजू नेहमीसारखीच. साठवलेली चरबी गेलीये म्हणून खाणं थोडं वाढवा. जखम सुजली, काळी पडली, पू आला किंवा रक्त थांबत नसेल तर त्याच दिवशी व्हेट. लेपर्डला शेपटी परत येते, आखूड, गोलसर आणि नक्षी वेगळी. क्रेस्टेडची मात्र एकदा गेली की येत नाही, पण त्यावाचून त्याचं काही अडत नाही.