इतक्या वर्षांनी तो भेटला, म्हणून माझा संसार खोटा ठरतो का?

उतारवयात समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेकांच्या मनात एक काळजी असते, पण पहिल्या भेटीत ती क्वचितच उघड सांगितली जाते. झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, उगाच चिडचिड होते, अशी तक्रार घेऊन माणूस येतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, बराच वेळ गप्प बसल्यानंतर, तरुणपणी जिच्यावर किंवा ज्याच्यावर जीव जडला होता ती व्यक्ती अचानक समोर आल्याचे सांगतो. त्यापुढचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. एवढ्या वर्षांनीही मन असे हलत असेल, तर मधला सगळा संसार खोटा होता का? याच प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या एका बाईंची हकीकत त्यांच्या आणि त्यांच्या यजमानांच्या संमतीने येथे मांडत आहे. ओळख पटू शकेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

बाईंचे वय ६९. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीसाठी त्या यजमानांबरोबर डॉक्टरांकडे गेल्या होत्या. यजमान औषधे घ्यायला गेले असताना पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले आणि गेल्या ४५ वर्षांत कोणाच्याही तोंडून न ऐकलेले ते नाव कानांवर पडताच त्यांचे हात गार पडले. समोरच्या बाकावरून काठी टेकत उठलेल्या गृहस्थांचा चेहरा त्यांना ओळखता आला नाही, पण उठताना मान किंचित डावीकडे झुकवण्याची लकब त्यांनी ओळखली. बाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा असल्यामुळे त्या गृहस्थांनाही आधी काही कळेना. बाईंनी आपण होऊन हाक मारली, तेव्हा ते थबकले आणि त्यांनी बाईंना घरातल्या लाडक्या नावाने साद दिली. दोन-चार वाक्यांचे बोलणे झाले. "मी शेवटचं पत्र पाठवलं होतं, तुझं उत्तर आलं नाही," असे ते म्हणत होते, तेवढ्यात यजमान परतले. बाईंनी ओळख करून दिली: "हे आमच्या कॉलेजातले." त्या गृहस्थांनी नमस्कार केला आणि ते आत गेले.

त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली. त्यांना सर्वांत जास्त टोचत होते ते स्वतःचेच वाक्य. "मॅडम, मी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. आयुष्यात मी यांच्यापासून काही लपवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे," असे त्या म्हणाल्या आणि पुढे अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "या वयात हे शोभतं का?"

मनाचा विचार करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. उदासी, झोप न लागणे, भूक मंदावणे, कशातच रस न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकली, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला वैद्यकीय उपचार लागू शकतात. तसेच, आयुष्यभर संयमाने वागलेली व्यक्ती उतारवयात एकाएकी कोणताही संकोच न बाळगता वागू लागली, पैसे उधळू लागली किंवा घरच्यांच्या भावनांविषयी पूर्ण बेफिकीर झाली, तर तो प्रेमाचा प्रश्न न राहता मेंदूच्या पुढच्या भागातील विकाराची सुरुवात असण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी समुपदेशकाआधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठणे आवश्यक ठरते. या बाईंच्या बाबतीत तसे काही नव्हते. झोपेची तक्रार तेवढी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या कानांवर घालून आम्ही पुढे गेलो.

संसार खोटा होता का, या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिले नाही, कारण "नाही हो, तसं काही नसतं" एवढ्या दिलाशाने तो प्रश्न फक्त आणखी खोल जातो. मी त्यांना तरुणपणीच्या स्मृतींविषयी माहीत असलेली एक गोष्ट सांगितली. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण वयाच्या १० ते ३० या वर्षांतले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त आठवतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. याच वर्षांत बहुतेक गोष्टी प्रथमच घडतात आणि आपण कोण आहोत हेही याच वर्षांत ठरत जाते, त्यामुळे त्या काळाचा ठसा पुढच्या शांत, सुस्थिर वर्षांपेक्षा गडद उमटतो. पंचविशीतली एक संध्याकाळ पन्नाशीतल्या एका पूर्ण वर्षापेक्षा स्पष्ट आठवते, यावरून ते पन्नाशीतले वर्ष कमी प्रेमाचे होते असा निष्कर्ष निघत नाही. आठवणीचा ठळकपणा पाहून दोन नात्यांची किंमत ठरवू नये, असे मी त्यांना आग्रहाने सांगितले आणि आजही प्रत्येकाला सांगते.

दुसरे कारण अधिक खास होते. बाईंचे ते नाते मोडले नव्हते, ते अर्धवट थांबले होते. ते गृहस्थ नोकरीसाठी दूर गेले, पत्रे येत राहिली, मग विरळ झाली आणि एके दिवशी थांबली. बाईंच्या घरी या नात्याला विरोध होता. काही महिन्यांनी त्यांचे लग्न ठरले आणि त्यांनी ते मनापासून निभावले. अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असे निरीक्षण ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२७ मध्ये मांडले होते. प्रयोगशाळेतली छोटी कामे आणि माणसाचे प्रेम यांत अंतर आहे हे मान्य करूनही, ज्या नात्यात निरोपच घेतला गेला नाही ते मनात पुनःपुन्हा वर येते, हा माझा कामातला अनुभव आहे. शिवाय अशा नात्याचे दुःख करण्याची मुभाही नसते. जे दुःख समाज दुःख म्हणून मान्यच करत नाही, ज्यासाठी कोणी भेटायला येत नाही, त्याचा विचार अमेरिकेतील केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये विस्ताराने मांडला. बाईंनी २४ व्या वर्षी ते दुःख एकदाही मोठ्याने रडून मोकळे केले नव्हते, कारण कोणापुढे आणि काय म्हणून रडणार?

मी त्यांना सलग चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटे, कोणालाही न दाखवण्यासाठी लिहायला सांगितले. जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात अभ्यासलेली ही साधी पद्धत आहे. तिचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही आणि लिहिल्यानंतर काही तास मन जड होऊ शकते, याची कल्पना आधी द्यावी लागते. त्या गृहस्थांना पत्र लिहावे तसे लिहा, असे मी सुचवले होते. पाने घेऊन त्या आल्या तेव्हा त्यांनाच आश्चर्य वाटत होते. पहिल्या दिवसानंतर त्या गृहस्थांचा उल्लेख जवळजवळ नव्हताच. होते ते थोरल्या बहिणीविषयी, जी काही वर्षांपूर्वी गेली होती, आणि लग्नामुळे अर्धवट सुटलेल्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी. ज्या लाडक्या नावाने त्या दिवशी हाक आली, त्या नावाने हाक मारणारी शेवटची व्यक्ती ती बहीण होती. ती गेल्यानंतर ते नाव या जगात कोणी उच्चारले नव्हते.

ही पाने वाचून दाखवताना त्या प्रथमच मनमोकळ्या रडल्या. आपल्याला त्या गृहस्थांची ओढ लागली आहे असे त्यांना वाटत होते. पण तिच्यात बहिणीची, अपुऱ्या शिक्षणाची आणि कोणाची तरी पत्नी, आई, आजी होण्याआधीच्या स्वतःची ओढ मिसळली होती. जुन्या प्रेमाला यामुळे कमीपणा येतो असे मी मुळीच मानत नाही. ते प्रेम खरे होते, आणि त्याच्याबरोबर आणखीही बरेच काही गेले होते. उतारवयात गेलेल्या आयुष्याकडे वळून पाहणे ही मेंदू थकल्याची खूण नसून मनाची एक स्वाभाविक आणि आवश्यक प्रक्रिया आहे, असे रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये मांडले. "या वयात हे शोभतं का" या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळते: हे याच वयाचे काम आहे.

आता त्या गृहस्थांना पुन्हा भेटायचे की नाही, हा प्रश्न उरला. इथे मी सावध असते. नॅन्सी कॅलिश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९९० च्या दशकात अशा हजारभर लोकांची माहिती गोळा केली, जे किमान पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर जुन्या प्रिय व्यक्तीबरोबर पुन्हा एकत्र आले होते. त्यांतली बरीच नाती टिकलेली होती आणि तरुणपणी ती तुटण्यामागे घरच्यांचा विरोध हे एक मोठे कारण होते. ही माहिती आपण होऊन पुढे आलेल्यांची असल्यामुळे ती सर्वांना लागू करता येत नाही. पण कॅलिश यांनीच पुढे दिलेला इशारा मला फार महत्त्वाचा वाटतो: ज्यांचा संसार चालू आहे, त्यांनी "सहज विचारपूस करू" म्हणून केलेला संपर्क कल्पनेपेक्षा फार वेगाने पुढे जातो. दोघेही एकटे असतील, तर गोष्ट वेगळी असते. तेव्हा मुलांची नाराजी, मालमत्तेची व्यवस्था आणि दोघांच्या आजारपणाची जबाबदारी यांचा स्पष्ट विचार करून एकत्र यायला वयाची आडकाठी नसावी, असे माझे ठाम मत आहे. बाईंची परिस्थिती तशी नव्हती. त्यांचे यजमान होते, त्यांच्यावर प्रेम होते, आणि डॉक्टरांच्या कागदावरून त्या गृहस्थांचा फोन नंबर मिळवण्याचा विचार त्यांच्या मनात दोनदा येऊन गेला होता.

भेटायचे असेल तर यजमानांना आधी सांगून, नाहीतर भेटूच नये, एवढे मी म्हटले. मनात आलेली प्रत्येक भावना जोडीदाराला सांगितलीच पाहिजे असे मी मानत नाही. स्वतःच्या मनावरचा भार हलका व्हावा म्हणून दुसऱ्यावर टाकलेले सत्य पुष्कळदा निर्दय असते. पण कृती करायची असेल, फोन किंवा भेट घडणार असेल, तर ती जोडीदारापासून लपवलेली नसावी. भावनेपेक्षा लपवाछपवीनेच अधिक संसार मोडताना मी पाहिले आहेत.

बाईंनी सांगितले. यजमान दोन दिवस फारसे बोलले नाहीत. नंतर ते बाईंबरोबर माझ्याकडे आले. त्यांना पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रेमाचा राग नव्हता. ते म्हणाले, "तिथे आम्ही तिघं उभे होतो आणि त्या तिघांत काहीच माहीत नसलेला मी एकटाच होतो. मी त्या माणसाशी हसून बोललो, हे मला लागलं." हे दुखणे खरे होते आणि ते पूर्ण ऐकून घेतल्याखेरीज पुढचे काही ठरवू नये, असे मी बाईंना सांगितले. त्यांनी मध्येच समजूत काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्यांना थांबवले. "मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस?" या प्रश्नावर बाईंनी स्वतःला अजिबात न वाचवता उत्तर दिले: "आधी भीती वाटली, आणि नंतर सांगण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटलं."

पुढची तपासणी ठरली होती, त्याच दिवशी त्या गृहस्थांचीही होती, आणि यजमानांनीच तुम्ही दोघे बोलून घ्या असे सुचवले. ते स्वतः बाहेर बसले. त्या बोलण्यातून फार मोठे रहस्य बाहेर आले नाही. बाईंच्या आठवणीप्रमाणे पत्रे त्या गृहस्थांकडून थांबली होती. त्या गृहस्थांच्या आठवणीप्रमाणे बाईंनीच लिहिणे सोडले होते. शेवटचे पत्र पोहोचले नाही की कोणी मध्येच ठेवून घेतले, हे सांगणारे आता कोणी हयात नाही. माणूस आठवताना जुनी नोंद उघडून वाचत नाही, तर प्रत्येक वेळी ती आठवण नव्याने रचतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले होते, आणि दोन माणसे अर्धे शतक एकच घटना वेगवेगळी रचत राहिली तर असेच होणार. पण दोघांनाही एक गोष्ट कळली की आपल्याला कोणी टाकले नव्हते. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे समोर बसलेला माणूस त्यांना बराच अनोळखी वाटला. त्यांची पत्नी, नातवंडे, आजारपणे यांतले काहीच बाईंना ठाऊक नव्हते, आणि ते जाणून घ्यावे अशी तीव्र इच्छाही झाली नाही.

त्यानंतर झोप हळूहळू परतली. आता कधीतरी फोनवर ख्यालीखुशाली विचारली जाते आणि तो फोन बाई सर्वांसमोर घेतात. यजमानांना अजूनही काही दिवशी ती गोष्ट बोचते. तसे ते बोलून दाखवतात आणि बाई ऐकून घेतात. संसाराविषयीचा प्रश्न मात्र बाईंनी पुन्हा विचारला नाही. मीच एकदा तो काढला, तेव्हा त्या म्हणाल्या की यजमानांनी दुखावलेले असतानाही बाहेर खुर्चीवर बसून वाट पाहिली, त्या दिवशी त्यांना उत्तर मिळाले होते. अपुऱ्या राहिलेल्या अभ्यासक्रमाची चौकशी त्यांनी केली आहे. दूरस्थ पद्धतीने तो पूर्ण करता येतो का, हे त्या सध्या पाहत आहेत.