भट्टीच्या दाराची फट आणि दीड सिलिंडर

प्रश्न: नमस्कार ताई, कराडजवळ माझी छोटी पॉटरी आहे. गॅसची भट्टी, दार समोरून उघडणारं, भिंती इन्सुलेशन ब्रिकच्या आणि दाराला आतून सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता सोसणाऱ्या फायबरची गादी). सुरुवातीला १९ किलोच्या एका सिलिंडरमध्ये कोन १० पर्यंत भट्टी व्हायची (कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा छोटा शंकू), आता चार वर्षांनी दीड सिलिंडर जातो आणि तरी खालच्या शेल्फवरचा कोन नीट वाकत नाही, वरचा मात्र पार झोपतो. दाराच्या वरच्या कडेचा रंग जळून काळा पडलाय. एकाने सांगितलं बाहेरून अजून एक ब्लँकेट गुंडाळ. गुंडाळू का?
– एक वाचक, कराड

उत्तर: ब्लँकेटवर आत्ता पैसे घालू नका हो, आधी दार बघा. दाराचा वरचा रंग जळालाय आणि खालचं शेल्फ थंड राहतंय या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्यात पण त्या एकच आहेत. १२०० अंशांवरची हवा आपल्या खोलीतल्या हवेपेक्षा जवळजवळ पाचपट हलकी असते, ती वर चढते आणि वरच्या फटीतून बाहेर पडते, आणि जेवढी बाहेर गेली तेवढीच गार हवा खालच्या फटीतून आत ओढली जाते, थेट तुमच्या खालच्या शेल्फवर. वर धुराडं ओढतंय ते वेगळंच.

ही गार हवा किती गॅस खाते ते सांगते. दहा बाय दहाची खोली घ्या, दहा फूट उंच, तिच्यातली सगळी हवा १२५० अंशांपर्यंत तापवायला साधारण एक किलो गॅस लागतो. भट्टी आठ-दहा तास चालते, तेवढ्या वेळात बोटभर फटीतून अशा किती खोल्या आत जात असतील याचा विचार करा. म्हणून म्हणते, भिंत जाड करून हे थांबणार नाही.

आता फट शोधायची. भट्टी रिकामी असताना रात्री आत एक चांगला टॉर्च चालू करून ठेवा, दार नेहमीसारखं कडी लावून बंद करा आणि शेडमधले सगळे दिवे घालवा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूनं खूण करायची. माझ्या भट्टीला पहिल्यांदा हे केलं तेव्हा कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून एवढी सरळ रेघ समोरच्या भिंतीवर पडली होती की मी तिथेच बसून राहिले. दुसरी परीक्षा कागदाची, वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं, सहज निघाली तर तिथे सील दाबलं जात नाहीये. आणि भट्टी पेटल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत दाराच्या कडेनं उदबत्ती फिरवा, खाली धूर आत खेचला जातो आणि वर बाहेर ढकलला जातो हे डोळ्यानं दिसतं. उदबत्ती फक्त गॅसच्या सांध्यांपासून लांब ठेवा, सिलिंडर आणि पाइपची गळती साबणाच्या फेसानंच बघायची.

चार वर्षांत बहुतेक वेळा आधी बिजागरी बसलेली असते. दार जड, त्याचा भार वरच्या बिजागरीवर येतो, दार वरून बाहेर कलतं. शिवाय लोखंडी चौकट दीडशे अंशांपर्यंत तापली तरी मीटरला दीडेक मिलीमीटर वाढते, त्यामुळे गार असताना घट्ट बसलेलं दार गरम झाल्यावर तसंच राहील असं नाही. तर आधी फॅब्रिकेटरला बोलावून बिजागरी सरळ करा आणि एका कडीऐवजी वर एक आणि खाली एक असे दोन स्क्रूचे क्लॅम्प लावून घ्या, म्हणजे भट्टी तापल्यावर अर्धा आटा अजून आवळता येतो.

मग सील. ब्लँकेट २५ मिलीमीटर जाडीचं, १२८ डेन्सिटीचं (घनमीटरला १२८ किलो) मिळतं, त्याच्या पट्ट्या कापून दुमडून, दुमड भट्टीच्या बाजूला ठेवून बसवायच्या आणि दार लावल्यावर त्या थोड्या दबल्या पाहिजेत, नुसत्या टेकून उपयोग नाही. १२६० ग्रेड म्हणजे रोज १२६० अंश सोसेल असं नसतं, रोजच्या वापराला ते त्याहून बरंच खाली धरायचं. तुम्ही कोन १० करता तर आतल्या कडेला १४२५ ग्रेड घ्या आणि बाहेरच्या कडेला १२६० चालेल. फायबर तापून तापून आकसतं, कडक होतं, स्प्रिंगसारखं परत फुगत नाही, म्हणजे पट्टी ही बदलायचीच वस्तू आहे, कागदाची परीक्षा अधूनमधून करत राहा. शक्य असेल तर दाराला आणि चौकटीला एकमेकांत बसणारी खाच करून घ्या. १२०० अंशांची भट्टी ज्या भोकातून सरळ दिसते त्याच्या दर चौरस सेंटीमीटरमधून २६ वॅट उष्णता नुसती किरणांनी बाहेर पडते, खाच असली की सरळ रेघच मोडते.

फॅब्रिकेटर येईपर्यंत भट्टी थांबवायची नसेल तर फायरक्ले, बारीक वाळू आणि लाकडाचा भुसा सारख्या मापानं मळून बोटाएवढी वळी करा आणि बाहेरून दाराच्या सांदीत दाबून बसवा. उघडताना हातानं निघते, भिजवली की परत वापरता येते.

एक चूक मात्र करू नका, मी केलीय म्हणून सांगते. इन्सुलेशन ब्रिकमधल्या बारीक चिरा बघून मला फार वाईट वाटायचं, म्हणून मी त्या गार असताना मॉर्टर घालून गच्च बुजवल्या. त्या चिरा तापल्यावर आपोआप मिटतात, विटेला फुगायला तेवढीच जागा असते. मी ती जागा काढून घेतली आणि पुढच्या भट्टीत दोन विटांचे तोंडाचे टवके पडले, एक थेट ग्लेझ केलेल्या वाडग्यात. केसाएवढ्या चिरा असू द्या, बोटाचं टोक जाईल एवढी असेल तरच फायबर हलकं खोचा. आणि साधं सिमेंट कुठेच नको, तापलं की त्याची भुकटी होते.

जुनं फायबर काढताना आधी पाण्यानं भिजवा, एन-९५ मास्क लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. तापलेल्या फायबरची धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही, यात घाई करू नका प्लीज.

सील झाल्यावर पहिल्या भट्टीला डॅम्पर, म्हणजे धुराड्याची ओढ कमी-जास्त करणारी सरकती फरशी, जुन्या खुणेवर ठेवू नका. आधी फटीतून येणारी हवाही धुराडं ओढत होतं, आता ती नाही, म्हणजे डॅम्पर थोडा आत सरकवावा लागेल. रिडक्शन, म्हणजे हवा कमी पडून होणारं अर्धवट जळण, आधीपेक्षा लवकर आणि जास्त धरेल, तेव्हा शेडच्या खिडक्या उघड्या ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बर्नरजवळची हवेची भोकं सील करायची नाहीत. वर, मध्ये, खाली असे तीन कोन ठेवा आणि मला कळवा कसे पडले ते.

प्रश्न: आमची वडिलांपासूनची लाकडाची भट्टी आहे, वरून खापरं रचून चिखलानं लिंपतो. दर वेळी लिंपण तडकतं आणि धूर भलतीकडूनच येतो. काय करावं?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर: दादा, नुसती माती वाळताना आकसते म्हणून तडकते. तिच्यात भाताचं तूस, शेण आणि चाळलेली राख घाला. पहिला हात जाड द्या, तो सुकला की वरून पातळ गाऱ्याचा हात फिरवा. खापरांचे दोन थर करून मध्ये राख पसरली तर ऊबही जास्त धरते. पण पेटवल्यावर लगेच सगळं बंद करू नका, भांड्यातलं पाणी बाहेर पडायला हवं नाहीतर भांडी फुटतात. वरच्या भोकावर थंड आरसा क्षणभर धरायचा, धुकं धरलं तर अजून वाफ आहे. आरसा कोरडा राहायला लागला की मगच भोकं लिंपत जा, आणि गाऱ्याची बादली जवळच असू द्या, नवीन चीर दिसली की लगेच हात फिरवता येतो.

प्रश्न: दारासाठी ॲस्बेस्टॉसची दोरी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?
– एक वाचक, पेण

उत्तर: नको. ॲस्बेस्टॉसनं कॅन्सर होतो हे पक्कं आहे, आणि भट्टीच्या आतल्या तापमानाला ती दोरी टिकतही नाही, ठिसूळ होऊन तिची धूळ होते. सिरॅमिक फायबरची दोरी मागा. जुनी दोरी आधीच बसवलेली असेल तर कोरडी ओढून काढू नका, झाडूही मारू नका. मास्क लावून ती पूर्ण भिजवा, ओली असतानाच उचला आणि एकात एक अशा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा, मुलांना त्या दिवशी शेडकडे फिरकू देऊ नका.