मंगल कार्यालयाच्या एसीतून कार्बन डायऑक्साइड पकडून पॉलीहाऊसला देता येईल का?

आपण विचारले आहे की, यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावात आपण दोनशे माणसांचे वातानुकूलित मंगल कार्यालय बांधत आहात, त्याला लागूनच आपले अर्ध्या एकराचे पॉलीहाऊस आहे, आणि इमारतीच्या वातानुकूलन यंत्रणेतून कार्बन डायऑक्साइड पकडून तो पुन्हा वापरतात असे आपल्या वाचनात आले. तर हा वायू नळीने पॉलीहाऊसला द्यावा का आणि त्यासाठी बांधकामातच काही सोय ठेवावी का. मी वरुडकडच्या एका शीतगृहाची मशीनरूम सतरा वर्षांपासून सांभाळतो. तिथे केळी पिकवण्याच्या दोन खोल्याही आहेत, त्यामुळे थंडावा आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्हींशी माझा रोजचा संबंध येतो. माझे मत असे की नळीसाठी खर्च करू नये. का, ते हिशेबासह सांगतो, कारण नुसत्या ‘नाही’ने आपले समाधान होणार नाही.

मुळात एसी कार्बन डायऑक्साइड तयार करत नाही. तांब्याच्या नळीतला गॅस बंदिस्त असतो. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेरच्या युनिटमधून सोडून देतो. हॉलमध्ये जो कार्बन डायऑक्साइड साठतो तो पाहुण्यांच्या श्वासातून येतो, आणि एसीच्या नावावर जो मांडायचा तो कोराडी, खापरखेडा किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून केव्हाच निघून गेलेला असतो. बसलेला माणूस तासाला साधारण ३५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोनशे माणसे चार तास बसली तर २८ किलो झाला. त्याच चार तासांत २० टनांची एसी यंत्रणा अंदाजे ९५ युनिट वीज खाईल, आणि देशातील विजेमागे युनिटला सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर तो ६६ किलोंच्या घरात जातो. लाइन गेली आणि जनरेटर लावला, तर डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे पावणेतीन किलोच्या आसपास. मागच्या अंगणात आचाऱ्याने १९ किलोचे एक सिलिंडर संपवले, तर त्याचेच ५७ किलो होतात. शिवाय श्वासातला कार्बन हा ज्वारी, तांदूळ आणि तुरीच्या डाळीतून आलेला, म्हणजे वर्ष-दोन वर्षांपूर्वी पिकाने हवेतूनच घेतलेला असतो, तर कोळसा आणि डिझेलमधला जमिनीखालून नव्याने वर आलेला असतो. थोडक्यात, आपण पकडू पाहता तो वाटा सर्वांत लहान आहे आणि सर्वांत निरुपद्रवीही आहे.

मग आपण वाचलेली बातमी खोटी होती का? तसे नाही, पण ती थंड मुलखातली आहे. तिकडे इमारत तापवण्यासाठी तळघरात नैसर्गिक वायूचा बॉयलर जळत असतो आणि त्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड ८ ते १० टक्के असतो. कॅनडात कॅलगरी येथील क्लीनओटू ही कंपनी अशा धुराड्याला जोडायचे एक यंत्र बनवते. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे रसायन कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्याचे पोटॅशियम कार्बोनेट होते आणि ते साबण बनवण्यासाठी वापरले जाते. न्यूयॉर्कमध्ये एका उंच निवासी इमारतीच्या तळघरात बॉयलरच्या धुरातला वायू वेगळा काढून, द्रवरूप करून, ब्रुकलिनच्या एका काँक्रीट ब्लॉकच्या कारखान्याला पाठवला जातो. हे त्यांना परवडते यामागे कायदाही आहे. त्या शहराने २०१९ मध्ये मोठ्या इमारतींच्या उत्सर्जनावर मर्यादा घातल्या, त्या २०२४ पासून लागू झाल्या, आणि मर्यादेबाहेरच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड आहे. आपल्याकडे हिवाळ्यात पाणी तापवायला बंब पेटतो, पण घर तापवायला काही पेटत नाही; त्यामुळे ज्या धुराड्यावर ही सारी युक्ती उभी आहे ते धुराडेच आपल्या इमारतीला नाही.

दुसऱ्या प्रकारची बातमी हवेतून थेट वायू काढण्याची. २०१९ मध्ये जर्मनीच्या कार्ल्सरूहे तंत्रज्ञान संस्थेतील आणि टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी असा प्रस्ताव मांडला होता की, मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनात हवा आधीच पंख्यांनी फिरवली जाते, तर तिथेच शोषक (वायू शोषून धरणारा पदार्थ) बसवून कार्बन डायऑक्साइड काढावा आणि नूतनशील विजेने त्याचे इंधन करावे. उदाहरण म्हणून त्यांनी फ्रँकफुर्टचा मेसेटुर्म हा मनोरा घेतला होता. फिनलंडमधील सोलेटेअर पॉवर या कंपनीने वायुवीजन यंत्रणेला जोडायची अशी यंत्रे बनवली. कल्पना चुकीची नाही. खरी अडचण विरळपणाची आहे.

हा विरळपणा मला पिकवण खोलीत कळला. फळेही श्वास घेतात. केळीची खोली भरून इथिलीन (फळ पिकवणारा वायू) सोडले की फळांचा श्वास वाढतो, आणि खोलीतला कार्बन डायऑक्साइड १ टक्क्याच्या वर गेला की इथिलीनचा परिणाम मंदावून घड एकसारखे पिकत नाहीत; म्हणून आम्ही ठरावीक तासांनी दार उघडून हवा बदलतो. पहिल्यांदा हातातला मीटर घेऊन आत गेलो तेव्हा त्याची मर्यादा १०,००० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भागांची होती. दारातच आकडा तिथपर्यंत चढला आणि पुढे नुसत्या रेघा दिसू लागल्या. तोच मीटर घेऊन मी एका लग्नात गेलो. हॉलला चार मोठे डेझर्ट कूलर आणि सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. अक्षता पडेपर्यंत आकडा ६५० च्या पुढे गेला नाही. कूलर ताटीतून बाहेरची हवा सतत आत लोटतो आणि आतली खिडकीतून बाहेर जाते, त्यामुळे तिथे पकडण्यासारखे काही उरतच नाही. आमच्या शीतगृहाच्या बंद एसी खोलीत मात्र बारा माणसांची बैठक तासभर चालली तेव्हा १,९०० झाला आणि दोघे जण डुलक्या घेत होते. (त्याला चर्चेचा विषयही थोडा कारणीभूत असावा.)

आता हिशेब पाहा. बाहेरच्या हवेत आज कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम आहे. हॉलमध्ये तो १,००० झाला, तरी एक घनमीटर हवेत जेमतेम १.८ ग्रॅम असतो, म्हणजे एक किलो मिळवायला साडेपाचशे घनमीटर हवा शोषकातून ओढावी लागेल, तीही शोषकाने एक कणही सोडला नाही तर. पुढे शोषकातून तो वायू मोकळा करण्यासाठी उष्णता लागते. उघड्या हवेतून एक टन पकडायला ६ ते १० गिगाज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे किलोमागे साधारण पावणेदोन ते पावणेतीन युनिट. ही सगळी ऊर्जा आपण मीटरच्या विजेतून घेतली, तर एक किलो पकडण्यासाठी चंद्रपूरला सव्वा ते दोन किलो सोडल्यासारखे होईल. हॉलमधली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी दाट असल्याने हा आकडा काहीसा खाली येईल, पण व्यवहार तोट्याचाच राहील. सौरऊर्जेने किंवा फुकट जाणाऱ्या उष्णतेने हे करता येते, परंतु तेवढी सौर पॅनेल छतावर बसवणार असाल तर त्यांची वीज सरळ एसीला का देऊ नये?

शोषक म्हणून चुना स्वस्तात वापरता येईल असे कोणी सुचवेल, म्हणून माझा उद्योगही सांगून टाकतो. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, तीच ही क्रिया. परदेशात सफरचंदाच्या शीतगृहांत चुन्याच्या गोण्या ठेवून हा वायू कमी करण्याची जुनी पद्धत आहे. मी २५ किलोची विरलेल्या चुन्याची गोणी घमेल्यांत पसरून पिकवण खोलीत ठेवली. पुस्तकाप्रमाणे तिने जवळपास १५ किलो वायू घ्यायला हवा होता. तिसऱ्या दिवशी पाहतो तर वर खडूसारखा पापुद्रा धरलेला, आणि बोटाने तो फोडल्यावर खाली चुना जसाच्या तसा. रोज फावड्याने परतत बसलो असतो तर अधिक मिळाला असता. पण मुख्य गोम वेगळीच आहे. हा चुना वणीकडच्या भट्टीत तयार होताना १०० किलो चुनखडीमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो, आणि तो चुना जास्तीत जास्त तेवढाच परत घेऊ शकतो. भट्टीत जळलेला कोळसा त्याहून वेगळा.

पॉलीहाऊसकडे वळतो. कार्बन डायऑक्साइड वाढवल्याने पीक वाढते, हे खरे आहे. नेदरलँड्समध्ये काचगृहांत तो ८०० ते १,००० पीपीएमपर्यंत नेतात. रॉटरडॅमच्या तेलशुद्धीकरण केंद्रातला वायू २००५ पासून नळांनी काचगृहांना पुरवला जातो, आणि कित्येक शेतकरी आपल्याच बॉयलरचा धूर वापरतात. दिवसा बॉयलर चालवून वायू पिकाला देतात, गरम पाणी टाकीत साठवतात आणि रात्री त्याच पाण्याने काचगृह उबदार ठेवतात. पण ते काचगृह पुष्कळ काळ बंद असते. आपले पॉलीहाऊस उष्णता बाहेर जावी म्हणून वरून आणि बाजूंनी उघडे ठेवावे लागते. अर्धा एकर आणि सरासरी पाच मीटर उंची धरली, तर आतली हवा १०,००० घनमीटर झाली आणि तिला ४२० वरून ८०० वर न्यायला ७ किलो वायू लागेल. पडदे उघडे असतील तर तो काही मिनिटांत निघून जाईल. एका लग्नाचे २८ किलो सगळेच्या सगळे हाती आले, तरी अर्धा तास पुरणार नाहीत. शिवाय पीक हा वायू उजेडात घेते आणि आपल्याकडे उन्हाळ्यातली पुष्कळ लग्ने सूर्य कलल्यावर लागतात, म्हणजे साठवणूक आली, कॉम्प्रेसर आला आणि दाबाच्या टाक्या आल्या.

पॉलीहाऊसला हा वायू द्यायचाच असेल तर तो जिथे आयता दाट आहे तिथून घ्यावा. गोबरगॅसमध्ये ३५ ते ४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे हवेच्या जवळपास हजारपट. तो मिथेनपासून वेगळा करण्याचे काम मोठ्या प्रकल्पांत होतेच. घरगुती पातळीवर मला धिंगरी अळिंबीची (ऑयस्टर मशरूमची) खोली अधिक सोयीची वाटते. सोयाबीनच्या कुटारावर वाढणारी धिंगरी भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि तो साठला की देठ लांब व छत्र्या बारीक राहतात, म्हणून ती हवा बाहेर काढावीच लागते. ही खोली पॉलीहाऊसला लागून बांधली आणि सकाळी पडदे उघडण्याआधीच्या तास-दोन तासांत पंख्याने ती हवा आत सोडली, तर खर्च फक्त पंख्याचा. धिंगरीच्या बीजाणूंनी काहींना खोकला व ॲलर्जी होते, म्हणून पंख्यापुढे जाळीचा फिल्टर हवा. आणि बंद खोलीत शिरण्याआधी दार उघडून थांबावे. हा वायू हवेपेक्षा जड असून खाली साचतो. जुने लोक पेवात, म्हणजे धान्याच्या जमिनीखालच्या कोठारात, उतरण्यापूर्वी कंदील खाली सोडून तो विझतो का ते पाहत, त्याचे कारण तेच.

बांधकामाचा पैसा कुठे घालावा, याबद्दल माझी दोन मते आहेत. पहिले ताज्या हवेबद्दल. हॉलमधला आकडा १,००० च्या आसपास ठेवायचा तर माणशी तासाला ३० ते ३५ घनमीटर बाहेरची हवा आत यायला हवी. मे महिन्यात ती हवा ४५ अंशांची असते, म्हणून बहुतेक मालक ती वाट बंदच करून टाकतात आणि पाहुणे जेवणाआधीच पेंगतात. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे ही हवा आत घेण्याआधी कूलरच्या पाण्याने, पण पाणी हवेत न मिसळता, पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पडद्यांआडून थंड करून घेता येते. तेवढाच एसीवरचा भार हलका होतो. पावसाळ्यात मात्र याचा उपयोग होत नाही. छत टिनाचे असेल तर त्याखाली उष्णतारोधक थर आणि वरून पांढरा लेप द्यावा. एसी किती टनांचा घ्यायचा ते त्यानंतर ठरवावे.

दुसरे गॅसगळतीबद्दल, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एसीत भरलेला आर-४१०ए हा गॅस एक किलो उडाला, तर हवामानावर त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ किलोंएवढा असतो. आर-३२ चा ६७५ किलोंएवढा. पहिला आकडा म्हणजे आपल्या हॉलमधल्या दोनशे माणसांचा सलग ३०० तासांचा श्वास. आमच्याकडे एकदा एका मेकॅनिकने जुना गॅस व्हॉल्व्ह उघडून सरळ हवेत सोडला आणि तीन मिनिटांत सगळे आटोपून चहा मागितला. त्या तीन मिनिटांत किती लग्नांचे श्वास गेले याचा हिशेब मी नंतर केला. म्हणून यंत्रणा बसवून झाल्यावर गॅस भरण्याआधी नळ्यांत नायट्रोजन भरून दाबाचा काटा चोवीस तास जागचा हलत नाही ना, हे आपण स्वतः पाहावे, मग व्हॅक्यूम पंप लावून घ्यावा, आणि दर उन्हाळ्यात ‘थोडा गॅस टाकून देतो’ असे कोणी म्हणाले तर आधी साबणाच्या फेसाने सांधे तपासायला लावावेत. गळती बहुधा फ्लेअर नटापाशी, म्हणजे तांब्याची नळी युनिटला जोडणाऱ्या नटापाशी, सापडते.