वाचक विचारतात: युवक मंडळाला सरकारी निधी कुठून आणि कसा?

प्रश्न: आमच्या गावात पंचवीस-तीस पोरांचं मंडळ आहे. 'युवकांसाठी निधी द्यावा' असा ठराव ग्रामसभेत दोनदा मांडला. खर्चाचं असं शीर्षच नाही, असं सरपंच म्हणतात. खरं काय? (पारोळा तालुक्यातील वाचक)

उत्तर: सरपंच खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगताहेत. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. त्यांत 'युवक' नाही आणि 'क्रीडा'ही नाही. म्हणून 'युवकांसाठी' असा मोघम ठराव आला की तो इतिवृत्तात जातो आणि तिथेच राहतो. मागणी त्या २९ पैकी एखाद्या विषयात बसवा. अभ्यासिका हवी असेल तर विषय २०, ग्रंथालये. शिवणकाम, वायरिंग, मोटार रिवाइंडिंगचा वर्ग हवा असेल तर विषय १८, तांत्रिक व व्यावसायिक शिक्षण. बंद पडलेलं समाजमंदिर दुरुस्त करून घ्यायचं असेल तर विषय २९, सामूहिक मालमत्तेची देखभाल.

ठरावात वस्तू आणि नग लिहा. उदाहरणार्थ: 'जि. प. शाळेच्या रिकाम्या खोलीत अभ्यासिका सुरू करणे. टेबल १०, खुर्च्या २०, छताचे पंखे ३, इन्व्हर्टर व बॅटरी १ संच, खिडक्यांना जाळी.' आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे परीक्षेचा हंगाम आणि उन्हाचा कहरही तेव्हाच, त्यामुळे पंखे आणि इन्व्हर्टर पहिल्याच ठरावात घाला. खोली शाळेची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीचं संमतिपत्र सोबत जोडा.

वेळ मात्र चुकवू नका. पुढच्या आर्थिक वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेतो. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढलेल्या आराखड्यात जे काम नाही, त्याचं बिल वित्त आयोगाच्या पैशांतून, म्हणजे केंद्राकडून पंचायतींना येणाऱ्या अनुदानातून, निघत नाही. २६ जानेवारीला जोरात भाषण करून उपयोग नसतो. तोवर यादी बहुतेक पक्की झालेली असते. तेव्हा सप्टेंबरमध्येच लेखी मागणी ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या.

पैसा किती मोकळा असतो हेही समजून घ्या. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिली. उरलेली ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायची, पण तीही पगार आणि आस्थापनेवर (कार्यालय चालवण्यावर) खर्च करायला मनाई. म्हणजे टेबल-खुर्च्या येतील, पण रोज कुलूप उघडणाऱ्या माणसाचं मानधन त्यातून निघणार नाही. गावोगावच्या अभ्यासिका ओस पडतात त्या नेमक्या इथे. त्या माणसासाठी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नात, म्हणजे घरपट्टी, गाळेभाडं, बाजार लिलावाच्या रकमेत, अंदाजपत्रक मंजूर होतानाच तरतूद मागा. आमच्या मते वस्तूंपेक्षा हीच मागणी आधी रेटायला हवी.

प्रश्न: व्यायामशाळेसाठी जिल्हा क्रीडा कार्यालयात अर्ज केला, त्रुटी निघून परत आला. दरवर्षी हेच होतं. (शिंदखेडा तालुक्यातील मंडळ)

उत्तर: व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास, या दोन्ही अनुदानांचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. पालकमंत्री अध्यक्ष असलेली जिल्हा नियोजन समिती तो ठरवते आणि क्रीडा कार्यालय राबवतं. अनुदानाची कमाल मर्यादा शासन निर्णयाने बदलते, म्हणून अर्जाआधी चालू वर्षाचा निर्णय कार्यालयातून मागून घ्या.

अर्ज परत येण्याची कारणं बहुधा तीनच असतात. पहिलं, जागा. 'गावठाणात जागा आहे' हे तोंडी चालत नाही. ग्रामपंचायतीचा ठराव, सातबारा किंवा मालमत्ता नोंदीचा नमुना ८, आणि मंडळाच्या नावाने कागदावरचा ताबा लागतो. जागा गायरान असेल तर ती आधी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळाली पाहिजे, ग्रामपंचायत ती परस्पर देऊ शकत नाही.

दुसरं, विश्वस्त बदलल्याची नोंद. मंडळ सोसायटी नोंदणी कायदा, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं असतं. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यायचा असतो. पुष्कळ मंडळं तो देतच नाहीत. मग कागदावर अध्यक्ष वेगळा, अर्जावर सही वेगळ्याची आणि बँक खात्यावर तिसऱ्याचीच. बदल अर्ज मंजूर व्हायला महिने लागतात, म्हणून अनुदानाच्या आधी हे काम हाती घ्या. त्याबरोबर मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवालही भरून टाका.

तिसरं, जुनं अंदाजपत्रक. बांधकामाच्या दरसूचीचे दर बदलले की जुनी तांत्रिक मान्यता चालत नाही. शाखा अभियंत्याकडून चालू दरांनी नवं अंदाजपत्रक करून घ्या.

पैसा मिळाल्यावरची काळजी थोडक्यात. साहित्य गावात उतरलं त्या दिवशीच डेडस्टॉक रजिस्टरात (टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीत) नोंद करा: वस्तूचं नाव, कंपनी, नग, बिल क्रमांक व तारीख, किंमत, ठेवलेली जागा, सही. प्रत्येक नगावर रंगाने मंडळाचं नाव आणि नोंद क्रमांक लिहा. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) वेळेत गेलं नाही तर पुढचा अर्ज अडतो, मग साहित्य कितीही चांगलं वापरात असो.

प्रश्न: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून मंडळाला पैसे मिळतात का? (रावेर)

उत्तर: नाही. या योजनेत प्रत्यक्ष काम शिकणाऱ्या तरुणाला विद्यावेतन मिळतं आणि ते उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यात जमा होतं. २०२४ मध्ये योजना आली तेव्हा बारावी पाससाठी महिन्याला ६,०००, आयटीआय व पदविकेसाठी ८,००० आणि पदवीधरासाठी १०,००० रुपये असे दर होते. वय १८ ते ३५, नोंदणी महास्वयम् पोर्टलवर. आधार खात्याला जोडलेलं नसलं की पैसे अडकतात. बँकेत जाऊन ते आधी तपासा. ग्रामपंचायतही प्रशिक्षणार्थी घेऊ शकते, मात्र तो ठराविक मुदतीचा माणूस आहे. त्याच्या भरवशावर कायमची अभ्यासिका उभी करू नका.

प्रश्न: आमचा पाडा पेसात (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याखाली) आहे. पाच टक्के निधीतून पोरापोरींना प्रशिक्षण देता येईल का? (धडगाव)

उत्तर: येईल, आणि जरूर मागा. आदिवासी उपयोजनेच्या, म्हणजे आदिवासींसाठी राज्याने वेगळ्या काढलेल्या, निधीतले पाच टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा राज्याचा निर्णय २०१५ चा आहे. अक्कलकुवा, अक्राणी (धडगाव), तळोदा आणि नवापूर हे तालुके पूर्ण, तर शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. हा निधी पायाभूत सुविधा, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन व वन्यजीव संवर्धन अशा कामांसाठी असतो. वनोपजावर प्रक्रिया, मोजणी-नकाशाचं काम किंवा आरोग्याचं प्रशिक्षण यांत नीट बसतं. निर्णय ग्रामसभेचा असतो. सरपंचाने किंवा पंचायत समितीने परस्पर यादी करणं बरोबर नाही.

अडचण येते ती स्थलांतराची. दिवाळीनंतर सातपुड्यातले पाडेच्या पाडे गुजरातेत कामाला जातात आणि नेमकी ज्यांच्यासाठी मागणी करायची ती तरुण मंडळी सभेला नसतात. म्हणून पाड्याची सभा पोळा ते दसरा या काळात घ्या. ठरावात प्रशिक्षणाचे दिवस, जागा, शिकवणाऱ्याचं मानधन, जेवणाचा खर्च आणि मुलींच्या जाण्यायेण्याची सोय वेगवेगळी लिहा. वर्ग जून-जुलैत ठेवू नका, तेव्हा सगळे शेतात असतात. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी सुरू करून दिवाळीच्या आधी आटोपता येईल इतकाच ठेवा. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल पाड्यातल्या एका माणसाकडे राहू द्या, ग्रामपंचायतीच्या कपाटात एकच प्रत नको.