जनुकांच्या जोड्या: सुरुवात कुठून करावी

अंजनेरीची माकडं बघून तुला माकडांतल्या जनुकांच्या जोड्यांचा, म्हणजे एका जनुकाची प्रत निघून झालेल्या दोन जनुकांचा, विषय सुचला, फार छान. सुरुवातीला सेमेनोजेलिनची एकच जोडी धर. वीर्य घट्ट करणारी ही दोन प्रथिनं एकाच मूळ जनुकाच्या प्रतींतून आली. प्रत निघाली की एक जुनं काम सांभाळू शकते, दुसरीला बदलायला मोकळीक मिळते. मादी अनेक नरांशी जुगते अशा प्रजातींत या जोडीतलं दुसरं जनुक (सेमेनोजेलिन-२) जास्त वेगाने बदललेलं दिसतं. हा भाग सावकाश वाच, सगळी गंमत इथेच आहे.

नेहमीच्या चुका:
- दुसऱ्या प्रजातीतला सर्वाधिक जुळणारा डीएनए क्रम म्हणजे तेच जनुक, असं धरणं. आधी जनुकांचा वंशवृक्ष काढ!
- डीएनएच्या तुकड्यांतून जीनोम (प्रजातीचा संपूर्ण डीएनए क्रम) जुळवताना दोन प्रतींची एकच झाली का, हे न तपासणं.

सांख्यिकी चाचण्या नंतर. ऱ्हीसस माकडाचा जीनोम २००७ मध्येच प्रसिद्ध झालाय. नाशिकला घरबसल्या फुकट उतरवता येतो.