कोकणातल्या स्लॅबच्या घरात चूल सुरक्षितपणे कशी वापरावी?

गुहागरजवळच्या नव्या स्लॅबच्या घरात गॅसच्या जोडीला चूल ठेवायची आहे आणि पावसाळ्यात ती सुरक्षित कशी राहील, असे आपण विचारले आहे. चूल असण्यात काहीच गैर नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूला धडकले, त्यानंतर कित्येक गावांत वीज नव्हती, रस्त्यांवर झाडे आडवी पडली होती, आणि परसातल्या चुलीची किंमत अनेकांना तेव्हा कळली.

परंतु ती स्लॅबखाली मांडू नका. जुन्या स्वयंपाकघराला कौले असत. धूर त्यांच्या फटींतून निघून जाई आणि जाता जाता माळ्यावरची लाकडे सुकवून, वाशांची कीडही दूर ठेवी. स्लॅबमधून काहीच निघून जात नाही. ही साधी गोष्ट आमच्या काकूंना अजून पटलेली नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण आषाढात माहेरी झाले. बाहेर धो धो पाऊस, म्हणून काकूंनी तिच्या खोलीची खिडकी लावून फटींत जुनी लुगडी कोंबली, दाराला जाड पडदा सोडला आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवून वर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी दिली. संध्याकाळपर्यंत बहिणीचे डोके ठणकू लागले, उलट्या झाल्या, आणि हाक मारली तरी ती अर्धवट डोळे उघडून पुन्हा मिटू लागली. काकूंचे निदान तयार होते: वारा लागला, पडदा नीट सोडा. मी पडदा ओढून टाकला, शेगडी अंगणात नेली आणि दोघांना पडवीत आणवले. मोकळ्या हवेत ती हळूहळू बोलू लागली, तरीही आम्ही दवाखान्यात नेले, तिथे तिला ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?"

"पण शेगडीला धूर कुठे होता?" असे काकू आजही विचारतात. मुळात तोच धोका आहे. फुललेल्या निखाऱ्याला धूर जवळजवळ नसतो, मात्र त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्यांची स्वतःची बाळंतपणे याच शेगडीवर निभावली, हे खरे आहे. पण ती कौलारू माजघरात निभावली. शेगडी तीच राहिली, घर बदलले.

तेव्हा आपली चूल पडवीत किंवा परसातल्या कौलारू खोपीत मांडावी. घरातच हवी असेल तर धुराडे छपराच्या वर काढावे, समोरासमोर दोन झरोके ठेवावेत आणि धुराडे काजळीने भरू देऊ नये. लाकडे आगोटीपूर्वीच, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधीच, फोडून, सुकवून, चुलीपासून दूर रचावीत. ओले लाकूड जळत नाही, नुसते धुमसते. नारळाची सोडणे आणि करवंट्या चालतील, काजूची टरफले मात्र घरच्या चुलीत घालू नयेत, कारण त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. विझत आलेल्या चुलीत रॉकेल ओतणे हा शुद्ध आततायीपणा आहे. न्हाणीघरात बंब असेल तर त्यालाही हेच सारे लागू आहे.

मी डॉक्टर नाही, आणि नवजात बाळाला ऊब लागते हे मला मान्य आहे. पण ती कोरड्या कपड्यांनी आणि आईच्या कुशीत मिळते. अंथरूण उबदार करायचेच असेल तर पाणी बाहेर तापवून गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून, अंगाला थेट लागणार नाही अशी ठेवावी. आपल्या घरातही कोणी वडीलधारी बाई शेगडीचा हट्ट धरीत असतील, तर त्यांना ती ओटीवर लावून द्यावी, खोलीचे दार तिच्यासाठी उघडू नये.